पाथरीचं कुलकर्णीपण

या पावसाळ्यात दोन जाडजूड पुस्तकं पाठोपाठ वाचली. एक म्हणजे फरिश्त्याचा इतिहास. मूळ फारसीतला, मी वाचला तो जॉन ब्रिग्जचा १८२९ चा इंग्रजी अनुवाद. दुसरं रिचर्ड ईटन यांचं, १३०० ते १७६१ चं दख्खन आठ माणसांच्या आयुष्यातून सांगणारं. ईटन यांचं वाचनीय आहे. फरिश्ता कंटाळवाणा आहे, लढायांमागून लढाया. पण मला हवं ते त्याच्याकडेच सापडलं.

हवं काय होतं? आमच्या शिरपुरात चहाच्या टपरीवर एका ओळखीच्या गृहस्थांनी मला सहज विचारलं होतं, "भाऊ, तुमचे लोक मूळचे कुठले?" मी म्हटलं, इथलेच. ते हसले. "तसं नाही, त्याच्या आधीचे?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण घरी येऊन जेवण गेलं नाही.

फरिश्ता सांगतो, वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हा विजयनगरकडचा कानडी मुलगा. लढाईत लहानपणी पकडला गेला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी मुसलमान म्हणून वाढला. मूळ घराणं ब्राह्मणाचं, असं बरेच इतिहासकार मानतात. १४९० च्या सुमारास तो स्वतंत्र झाला आणि एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, त्याची राजधानी झाली. त्यानं दुरुस्त करून घेतलेल्या गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर हत्तींना पकडणारा दोन तोंडांचा पक्षी कोरलेला आहे. हा गंडभेरुंड. त्याचा संबंध जाणकार विजयनगरशी जोडतात. खरंखोटं असो, पण ते शिल्प आठवलं की मला सुलतान दिसत नाही, घरापासून तुटलेलं पोर दिसतं.

इथं आपल्या लोकांनाही एक सांगितलं पाहिजे. हा मुलगा स्वतःहून इस्लाममध्ये आला नव्हता, कैदी म्हणून आणला गेला होता. प्रत्येक धर्मांतर सुफी संतांच्या प्रेमानंच झालं, असं आपण स्टेजवरून सांगतो तेव्हा फतहुल्लाला सोयीस्करपणे विसरतो. आणि सगळे तलवारीनंच बाटले म्हणणारे हे विसरतात, की याच कैद्याच्या हाती पुढे अख्खा वऱ्हाड आला.

अहमदनगरची निजामशाही तर आणखी गमतीची. तिचा संस्थापक मलिक अहमद. त्याचा बाप मलिक हसन जन्मानं ब्राह्मण, पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला. पाथरी म्हणजे परभणी जिल्ह्यातलं, साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे आता सगळ्यांना माहीत झालेलं. तेव्हा ते गाव इमादशाहीत होतं. मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा गादीवर असताना अहमदनगरहून निरोप गेला : पाथरी आमच्या पूर्वजांचं गाव आहे, ते आम्हाला द्या, बदल्यात दुसरा मुलूख घ्या. फतहुल्लाचा मुलगा अल्लाउद्दीन इमादशहा यानं नकार दिला. १५१८ मध्ये निजामशाही फौजेनं पाथरी घेतलं. पुढे ते पुन्हा इमादशहाकडे गेलं, पुन्हा हिसकावलं गेलं.

म्हणजे बघा, दोन मुसलमान सुलतान, दोघांच्या मागे ब्राह्मण पूर्वज, आणि भांडण कशावरून तर कुलकर्ण्याच्या गावावरून! धर्म बदलला, नाव बदललं, भाषा बदलली. वतनाची ओढ मात्र तिसऱ्या पिढीतही गेली नाही. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि एकटाच हसलो. आपल्याकडे बांधावरून कोर्टात जाणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. आमच्या गावातलं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर श्वेतांबर-दिगंबर वादात १९८१ पासून बंद होतं, ते २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडलं. दोन्ही पंथांचा देव एकच.

मात्र एक गोष्ट मला जास्त बोचली. बहमनी दरबारात दख्खनी आणि आफाकी, म्हणजे इथले आणि बाहेरचे, असे दोन गट होते. दोन्हीकडे मुसलमानच. वजीर महमूद गावान इराणातल्या गिलानचा. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे सुलतानानं त्याला ठार करवलं, आणि त्या कटात दख्खनी गटाचा मलिक हसन होता. पाथरीच्या कुलकर्ण्यांचा मुलगा 'बाहेरच्या' माणसाचा काटा काढतो! फतहुल्ला जन्मानं इकडचाच, पण गावानच्या मेहरबानीनं वर आलेला. त्या खुनानंतर तो सुलतानाच्या छावणीपासून दूरच तळ देऊन राहिला, जवळ गेला नाही. आणि हे सगळं लिहिणारा फरिश्ता स्वतः कॅस्पियनकाठच्या अस्तराबादचा, लहानपणी बापाबरोबर अहमदनगरला आलेला.

तर टपरीवरचा प्रश्न पाचशे वर्षं जुना आहे आणि तो आमच्याच लोकांनी एकमेकांना विचारलेला आहे.

अब्बांना हे सगळं सांगितलं. ते सोयाबीनच्या पोत्याला सुतळी लावत होते. म्हणाले, "पाथरी मिळाली का मग त्याला?" मी म्हटलं, मिळाली, पण १५७४ मध्ये इमादशाहीच संपली आणि पुढे बावीस वर्षांत वऱ्हाड मोगलांकडे गेला. अब्बांनी सुतळी तोडली, म्हणाले, "मग भांडले कशाले?"