एका मृत्युपत्राची कथा

नारायण पेठेतील गायकवाड वाडा लोकमान्य टिळकांमुळे सर्वपरिचित आहे. परंतु लोकमान्यांस पुष्कळ वर्षे कोर्टकचेरीत गुंतविणारा एक कागद राजकारणाचा नव्हता, एका स्नेह्याचे मृत्युपत्र होते, हे आपल्या ज्ञातीतील तरुणांस क्वचितच ठाऊक असेल.

पुण्याचे सरदार श्रीबाबामहाराज पंडित यांनी ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीच्या दुखण्यात मृत्युपत्र केले व त्याच दिवशी देह ठेविला. पत्नी ताईमहाराज तेव्हा गरोदर होत्या. पुत्र न झाल्यास वा तो अल्पायुषी ठरल्यास विश्वस्तांच्या विचाराने दत्तक घ्यावा, असे त्यात लिहिले होते. पुत्र झाला, पण काही आठवड्यांतच गेला. १९०१ साली औरंगाबादेस जगन्नाथाचे दत्तविधान झाले. पुढे ताईमहाराजांनी कोल्हापूरचे बाळामहाराज दत्तक घेतले आणि तंटा पेटला. घराचा कारभार परक्या हाती असलेला त्या तरुण विधवेस रुचला नसावा, हे समजण्यासारखे आहे. विश्वस्त टिळकांस मात्र खोट्या साक्षीच्या आरोपावरून शिक्षा झाली. हायकोर्टाने १९०४ साली ती रद्द केली. १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तकत्व कायम केले. ताईमहाराज १९०३ सालीच निवर्तल्या होत्या.

वारसांनी मयताच्या पेट्या धुंडाळण्याबरोबर दुय्यम निबंधकाच्या कचेरीतही चौकशी करावी. १९०८ च्या कायद्याने मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. पण ती झालेली असल्यास नोंद पुस्तक क्रमांक ३ मध्ये असते, आणि करणाऱ्याच्या मृत्यूनंतर तिची नक्कल फी भरून कोणासही मिळते.