कोबीचा रोगजंतू, अल्झायमर आणि कोल्हापूर

१/
कोबीच्या पानाच्या कडेला इंग्रजी ‘व्ही’सारखा पिवळा चट्टा पडतो, शिरा काळवंडतात आणि पुढे गड्डा कुजू लागतो. शेतकरी याला घाण्या रोग म्हणतात. तो घडवून आणणारा जिवाणू म्हणजे झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस. २०१३ साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील जीवरसायनशास्त्र विभागातून या जिवाणूच्या एका विकरावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचा विषय मात्र कोबी नव्हता, अल्झायमर होता.

२/
१९०६ साली अलॉइस अल्झायमर यांनी स्मृती हरवलेल्या एका स्त्रीच्या मेंदूतील साके वैद्यांपुढे मांडले. ते साके ज्या ‘अमायलॉइड बीटा’ प्रथिनाचे असतात, त्याची ओळख पटायला १९८४ उजाडले. अवघ्या चाळीसएक अमिनो आम्लांचा हा तुकडा. त्याला कापणारे एखादे विकर सृष्टीत कोठे सापडेल काय, हा कोल्हापूरचा प्रश्न होता.

३/
अशा शोधाला आधी लिखित साधने लागतात. १९६५ साली मार्गारेट डेहॉफ यांनी प्रथिनांच्या क्रमांचा पहिला संग्रह चक्क छापील पुस्तकरूपात काढला. त्यात ६५ प्रथिने होती. पुढे २००२ मध्ये ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी कोबीच्या या जिवाणूची सुमारे ५० लाख अक्षरांची जनुकीय पोथी वाचून जगाला खुली केली. हे खुलेपण नसते, तर प्रादेशिक विद्यापीठातील संशोधकाला या दालनात पाऊल ठेवणे अवघडच होते.

४/
क्रम हाती आला तरी विकराचा त्रिमितीय आकार ठाऊक नव्हता. येथे इतिहासाच्या अभ्यासकाला ओळखीची वाटेल अशी युक्ती कामी आली. शिलाहारांच्या एखाद्या ताम्रपटावरील झिजलेली ओळ त्याच घराण्याच्या दुसऱ्या ताम्रपटावरून लावावी, तसा आकार ज्ञात असलेल्या सगोत्र प्रथिनावरून नव्याचा आराखडा बांधायचा. मग संगणकातच अमायलॉइडचा तुकडा विकराच्या खाचेत बसवून पाहायचा आणि दोहोंचे अणू क्षणोक्षणी कसे हलतात ते मोजायचे. कैलास सोनवणे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी हेच केले. हे विकर अमायलॉइड कापू शकेल, असे त्यांच्या गणिताने सुचवले.

५/
‘सुचवले’ हाच शब्द योग्य. जिवाणूचे प्रथिन माणसाच्या शरीरात परके. रक्तातून मेंदूत शिरण्याची वाट अरुंद, आणि प्रतिकारशक्ती पाहुण्याला ओळखल्यावाचून राहत नाही.

६/
प्रथिनाचा कोणता भाग प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरेल, हेही संगणकाने वर्तवता येते, आणि त्याची एक बहुपरिचित रीत पुण्याची आहे. पुणे विद्यापीठातील अशोक कोळस्कर व प्रसाद टोणगावकर यांनी ३४ प्रथिनांतील १५६ ज्ञात प्रतिजनी भाग तपासून १९९० साली ती मांडली. अचूकता सुमारे ७५ टक्के, म्हणजे चारांतला एक अंदाज चुकणार हे धरूनच चालायचे. तरीही निदान-चाचणीसाठी वा लसीसाठी प्रथिनाचा नेमका कोणता तुकडा निवडावा, हे ठरवताना जगभरच्या प्रयोगशाळा आजही या दोन मराठी आडनावांची रीत वापरतात. महाराष्ट्रात तिची चर्चा जवळजवळ होत नाही, हे नवलच.

७/
२०२३ साली अमेरिकेत लेकानेमॅब या अमायलॉइड-विरोधी औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. ते विकर नाही, प्रतिपिंड आहे. साका कापण्याऐवजी त्याला चिकटून तो हटवते, आणि आजाराची गती थोडीच मंदावते. कापणाऱ्या विकराचे औषध अद्याप कोणाच्याच हाती आलेले नाही.