एक रकाना, तीन भाषा

ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८८१च्या जनगणनेत ‘मातृभाषा’ विचारली. १८९१ला शब्द आला ‘आईवडिलांची भाषा’, १९०१ला ‘नेहमी वापरायची भाषा’, आणि १९३१ला पुन्हा ‘मातृभाषा’. रकाना तोच, प्रश्न निराळा! मग या आकड्यांची तुलना कशी करायची?

रत्नागिरीकडचं एखादं कोकणी मुसलमान घर घ्या. आई मुलाशी कोकणीत बोलते, मूल उर्दू शाळेत शिकतं, बाजारात मराठी चालते. शब्द बदलला की त्याच घराचं उत्तर बदलणार, आणि प्रत्येक उत्तर खरंच असणार.

पुढे जनगणनेने खुलासा केला: बालपणी आई ज्या भाषेत बोलायची ती मातृभाषा, आई तान्हेपणीच वारली असेल, तर लहानपणी घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. चांगला फॉर्म असाच हवा. प्रश्नाचा अर्थ एकच, आणि तो उत्तर देणाऱ्यालाही कळलेला. नाहीतर जिवंत भाषासुद्धा कागदावर हरवते.