रेशमाचीं दोन कुळें



रेशीम हा शब्द एक, म्हणून तें देणारा कीटकही एकच, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिति निराळी आहे. पैठणीचें रेशीम आणि विदर्भांतील कोशाचें, म्हणजे टसराचें, वस्त्र यांच्या मागें पतंगांचीं दोन भिन्न कुळें आहेत. शाळेंत रेशमाचा व्यापार शिकवितांना आम्ही नकाशावर चीनपासून युरोपपर्यंत एक रेघ ओढीत असूं. ती रेघ यांपैकीं एकाच कुळाची.

लिनीअस या स्वीडिश पंडितानें १७५८ सालीं तुतीच्या पतंगाला 'मोरी' हें नांव दिलें. तें तुतीच्या लॅटिन नांवावरूनच घेतलेलें आहे. त्या काळीं रात्रीं उडणारे बहुतेक पतंग एकाच मोठ्या गटांत घातले जात. १७७३ सालीं ड्रुरी या इंग्रज संग्राहकानें टसराच्या पतंगास 'मायलिटा' म्हटलें. १८३७ सालीं हेल्फर यानें मुग्याच्या पतंगास आसामवरून नांव दिलें. पुढें शरीररचनेचा बारकाईनें अभ्यास झाला, तेव्हां तुतीचा पतंग बाँबिसिडी कुळांत राहिला व हे दोघे सॅटर्निइडी कुळांत गेले.

तुतीच्या पतंगाचा रानांतला भाऊबंद 'मँडरिना' हा चीन, कोरिया व जपान या देशांत आढळतो. मग माणसानें पाळला तो कोठला? याचें उत्तर सूक्ष्मदर्शकानें दिलें. पाळीव पतंगाच्या पेशींत रंगसूत्रांच्या २८ जोड्या असतात. चीनमधील रानटी पतंगांतही २८, परंतु जपानांतील रानटी पतंगांत २७. अर्थात् मूळ घराणें चीनचें. अलीकडील आनुवंशिक संशोधनही हेंच सांगतें. जुन्या चिनी ग्रंथांवरून इतिहासकारांनीं जें अनुमान केलें होतें, त्याची साक्ष पतंगाच्या देहांतच सांपडली.

हजारों वर्षांच्या पाळणुकीनें या पतंगाची उडण्याची शक्ति गेली. पंख आहेत, उड्डाण नाहीं. माणूस नेईल त्या देशीं तो गेला. माणसानें हात काढून घेतला, तर त्याचा वंश टिकणार नाहीं.

टसराचा पतंग मात्र रानाचाच राहिला. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत ऐन व अर्जुन या झाडांवर त्याच्या अळ्या वाढवितात. पुष्कळ ठिकाणीं ढिवर मंडळी पांखरें व मुंग्या यांपासून त्यांची राखण करतात. छत्तीसगड, झारखंड, ओडिशा येथील रानांतही हाच धंदा चालतो. मुग्याचा पसारा तर ब्रह्मपुत्रेचें खोरें व आसपासचे डोंगर यांबाहेर क्वचितच दिसतो.

तेव्हां हें वर्गीकरण केवळ पंडितांच्या कामाचें आहे, असें समजूं नये. तुतीचा मळा नव्यानें लावतां येतो. ऐनाचें जुनें रान एकदां तुटलें, कीं कोसा आणि त्यावर पोट भरणारें कुटुंब, दोन्ही उघड्यावर पडतात. आपल्या अंगावरचें रेशीम कोणत्या कुळाचें, हें विचारण्याची संवय घरोघर लागली, तर त्या रानाचीही आठवण राहील.