टायटॅनियम डायऑक्साइडच्या तनुपटलांवरील लेसर-परिणाम

टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणी तनुपटलावर लेसर किरण पाडले असता त्याची स्फटिकरचना, कणांचा आकार, रंग आणि विद्युत्‌वाहकता यांत होणारे बदल.

सोल-जेल पद्धतीने बनवलेले पटल बहुधा अस्फटिकी असते. भट्टीत सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला ते ॲनाटेज हे स्फटिकरूप घेते. काच हे तापमान कसेबसे सोसते. पीईटी प्लॅस्टिक २६० अंशांच्या आसपासच वितळते. लेसरचे महत्त्व इथे आहे, कारण त्याने पटल तापते आणि आधार बराचसा गार राहतो.

मात्र त्यासाठी तरंगलांबी नेमकी निवडावी लागते. ॲनाटेजचे ऊर्जा-अंतर ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड प्रकाशच त्यात चांगला शोषला जातो. क्रिप्टॉन फ्लोराइड लेसरच्या २४८ नॅनोमीटर किरणांची ऊर्जा ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते; ते पटलाच्या वरच्या थरातच मुरतात. एनडी-याग लेसरचे १०६४ नॅनोमीटर किरण निर्दोष पटलातून आरपार जातात. लेसरच्या एका स्पंदाचा काळही तितकाच निर्णायक. दहा नॅनोसेकंदांत उष्णता शंभर-दोनशे नॅनोमीटरच सरकते, म्हणजे जवळजवळ पटलाच्या जाडीइतकीच.

स्पंदाची ऊर्जा कमी असेल तर अस्फटिकी पटल ॲनाटेज होते. ती वाढवल्यास कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. अतिसूक्ष्म कणांत ॲनाटेज हेच अधिक स्थिर रूप असल्यामुळे रूटाइल हे दुसरे स्फटिकरूप सहसा या कणवाढीमागून येते. त्याहून अधिक ऊर्जेला पृष्ठभाग वितळतो, छिद्रे बुजतात आणि शेवटी पदार्थच उडून जातो. प्रकाश-उत्प्रेरकाला किंवा रंजक-संवेदित सौरघटाला सच्छिद्रता हवी असते, तेव्हा तिथे ही ‘सुधारणा’ नुकसानच ठरते.

दुसरा परिणाम रासायनिक. जालकातून ऑक्सिजन निसटून रिक्तता उरतात, काही चतुःसंयुजी टायटॅनियम त्रिसंयुजी होते. पटलावर निळसर-करडी झाक येते आणि वाहकता वाढते. हवेत पुन्हा तापवल्यास हा बदल बराचसा पुसला जातो.

रूप ओळखण्यासाठी रामन वर्णपट सोयीचा आहे: ॲनाटेजची ठळक रेषा १४४ प्रतिसेंटिमीटरला, रूटाइलच्या ४४७ व ६१२ला. पण रामन मापनही लेसरनेच होते आणि झोत तीव्र असला तर मोजता मोजता नमुनाच बदलतो. लोहाच्या ऑक्साइडांत ही फसगत नेहमीची: काळ्या मॅग्नेटाइटवर झोत टाकावा आणि वर्णपटात हेमॅटाइट दिसावे. त्यामुळे मापनाची शक्ती प्रथम अगदी कमी ठेवतात व ती वाढवताना रेषा सरकतात का, ते पाहतात.