सूर पोचले, शब्द मागे राहिले : युक्रेनी वृंदगानाचा प्रवास

२६ फेब्रुवारी २०२२ला, युद्ध पेटल्यानंतर दोनच दिवसांनी, न्यूयॉर्कच्या ‘दुमका’ या युक्रेनी गायकवृंदाने अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘युक्रेनसाठी प्रार्थना’ गायली. १८८५ सालची ही रचना. संगीत मिकोला लिसेंको यांचे, शब्द ओलेक्सांद्र कोनिस्की यांचे. युक्रेनी न जाणणारे गायकवृंदही आज अशी गाणी मागतात आणि युक्रेनी संगीतकार ती पुरवतात. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसे, त्यामुळे आम्हाला वेगळाच प्रश्न पडतो. गाणे दुसऱ्याला द्यायचे म्हणजे नेमके काय द्यायचे?

उत्तरासाठी शंभर वर्षे मागे जाऊ. १९१९च्या जानेवारीत युक्रेनी लोकप्रजासत्ताकाच्या पाडावाची चिन्हे दिसत होती. तिकडे पॅरिसला शांतता परिषदेत युरोपचे नकाशे नव्याने आखले जात होते. अशा वेळी सिमोन पेत्ल्युरा यांच्या पुढाकाराने काय पाठवावे ठरले? तर एक गायकवृंद! ओलेक्सांद्र कोशिट्स हे त्याचे संचालक. फेब्रुवारीत बोल्शेविकांनी कीव घेतले. मंडळी बाहेर पडली, मे महिन्यात प्रागमध्ये गायली आणि पुढे व्हिएन्ना, पॅरिस, लंडन असा दौरा झाला. गाणी अर्थातच युक्रेनी भाषेत, कारण तोच तर मुद्दा होता. १८७६च्या एम्स फर्मानाने झारने युक्रेनी छपाईवर बंदी घातली होती. त्यात गाण्याच्या नोटेशनखाली युक्रेनी शब्द छापणेही आले! जी भाषा अशी दाबली गेली, तीच भर सभागृहात ऐकवायची होती.

या कार्यक्रमांत एक गाणे फार गाजले, ‘श्चेद्रिक’. मिकोला लेओन्तोविच यांनी लोकगीताच्या चार सुरांच्या तुकड्यावर ते बांधले. १९१६च्या डिसेंबरात कीवमध्ये कोशिट्स यांच्याच विद्यार्थी गायकवृंदाने ते प्रथम गायले. हे नववर्षाचे गाणे. पाकोळी घरधन्याकडे येते आणि सुबत्तेची वार्ता देते. आता तुम्ही म्हणाल, ऐन हिवाळ्यात पाकोळी कुठली? तर या गाण्याचे मूळ, नवे वर्ष वसंतात सुरू होत असे त्या जुन्या काळातले मानतात.

५ ऑक्टोबर १९२२ला हे गाणे न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झाले. बघा, तोवर काय काय होऊन गेले होते! ज्या राज्याने वृंद पाठवला, ते राज्यच उरले नव्हते. लेओन्तोविचही नव्हते. १९२१च्या २३ जानेवारीच्या पहाटे, रात्रीचा आसरा मागून घरात शिरलेल्या चेका या गुप्त पोलिसांच्या हस्तकाने त्यांना आईवडिलांच्या घरी गोळी घातली. कोशिट्स परत गेलेच नाहीत. १९४४ साली कॅनडात विनिपेगला वारले.

१९३६ साली पीटर विल्हॉस्की यांनी याच चालीवर इंग्रजी शब्द लिहिले. पाकोळी गेली, नाताळच्या घंटा आल्या. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. गाणे घरोघरी पोचले ते त्या शब्दांमुळेच, हेही मान्य करायला हवे. पण ते गाणाऱ्या असंख्य लोकांना ते युक्रेनचे आहे याचा पत्ताच नसतो. ‘आम्ही आहोत’ हे सांगायला जे निघाले, त्यातले ‘आम्ही’च गळाले!

म्हणून आम्हाला वाटते, नोटेशन पाठवणे हे अर्धेच देणे झाले. सोबत मूळ शब्द हवेत, अर्थ हवा, रचनाकाराचे नाव हवे आणि उच्चारही हवा. एक साधी गोष्ट घ्या. युक्रेनी लिपीतले एक अक्षर रशियनमध्ये ‘ग’ वाचतात, युक्रेनीत ‘ह’. याच गाण्यातला घरधन्यासाठीचा शब्द ‘होस्पोदार’. रशियन वळणाने शिकवणारा त्याचा ‘गोस्पोदार’ करील. श्रोत्यांच्या ते लक्षातही येणार नाही, पण सभागृहात एखादी युक्रेनी निर्वासित बाई बसलेली असेल, तर तिला ते टोचेल.

परक्या भाषेत गाणे कठीण असते, कबूल. सराव जास्त लागतो, जीभ अडखळते. पण ते कष्ट घेणे हीच त्या भाषेला दिलेली दाद. तुमच्यापैकी कुणी गायकवृंदात असेल, तर डिसेंबरात घंटांचे ते गाणे जरूर गा. फक्त आधी दोन मिनिटे पाकोळीची गोष्ट सांगा आणि लेओन्तोविच हे नाव उच्चारा.