कातारी आणि संहिता : लहान कर्मशाळांतील संगणकनियंत्रित लेथचा इतिहास

मराठीत 'कातणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. सूत काढणे हा एक, आणि लाकूड, हस्तिदंत वा धातू फिरता ठेवून हत्याराने त्याला गोल घडण देणे हा दुसरा. दुसऱ्या अर्थातून 'कातारी' हे कारागिराचे नाव आणि 'कातीव' हे विशेषण आले. कारखानदारीच्या काळात कातारी 'टर्नर' झाला आणि त्याचे यंत्र 'लेथ' झाले. 'कातीव' मात्र वाङ्मयीन वर्णनाच्या भाषेत टिकून राहिले. वस्तूचा गुण सांगणारा शब्द उरला आणि तो गुण निर्माण करणाऱ्याचे नाव विस्मरणात गेले, ही घटना केवळ शब्दार्थाच्या इतिहासापुरती मर्यादित नाही. कातकामाचे ज्ञान नेमके कोठे वसते, कारागिराच्या हातात की त्याच्या बाहेर, हा प्रश्न तिच्यामागे उभा आहे. संगणकनियंत्रित लेथने तो प्रश्न नव्याने आणि अधिक तीव्रतेने उपस्थित केला.

भारतीय वाङ्मयात या ज्ञानाचा एक अतिप्राचीन उल्लेख पाली त्रिपिटकात सापडतो. दीघनिकाय आणि मज्झिमनिकाय या दोहोंत आलेल्या सतिपट्ठानविषयक सुत्तात श्वासाच्या जाणिवेसाठी काताऱ्याचा दृष्टान्त योजला आहे. कुशल कातारी किंवा त्याचा अंतेवासी लांब ओढ घेताना ती लांब आहे हे जाणतो, आखूड ओढ घेताना ती आखूड आहे हे जाणतो. येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. कृती आणि जाणीव एकाच क्षणी, एकाच देहात घडतात, ही पहिली. गुरूच्या बरोबरीने शिष्याचाही उल्लेख होतो, ही दुसरी. म्हणजेच हे ज्ञान सान्निध्याने संक्रमित होणारे, मौखिक परंपरेशी नाते सांगणारे आहे.

कातकाम लेखनबद्ध करण्याचे प्रयत्न युरोपात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतात. लंडनच्या जोसेफ मॉक्सनने आपल्या हस्तव्यवसायविषयक ग्रंथमालेत लोहारकाम व सुतारकामाबरोबर कातकामाचाही समावेश केला. मुद्रणकलेचे सविस्तर वर्णनही त्याच मालेत आले. 1701 मध्ये लियाँ येथे शार्ल प्ल्युमिए या धर्मोपदेशक वनस्पतिशास्त्रज्ञाचा कातकलेवरील स्वतंत्र ग्रंथ लॅटिन आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत एकत्र प्रसिद्ध झाला. तथापि, ही संहिता वाचणाऱ्यासाठी होती. हत्यार पुढे सरकवण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते. ग्रंथ आणि लाकूड यांच्यामध्ये कारागिराचा हात अपरिहार्य होता. 1800 च्या सुमारास हेन्री मॉड्स्लेने सरकता हत्यारधारक आणि अचूक आटे असलेला मार्गदर्शक स्क्रू यांची सांगड घालून लेथ सिद्ध केला. हत्यार पेलण्याचे काम यंत्राकडे गेले, परंतु किती, कोठवर आणि केव्हा, हे ठरवणारी व्यक्ती यंत्रापाशीच उभी राहिली.

हा संबंध तुटला तो विसाव्या शतकाच्या मध्यास, आणि प्रथम लेथवर नव्हे, तर मिलिंग यंत्रावर. मिशिगनमधील जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवण्याच्या व्यवसायात होते. वक्राकार पृष्ठभागाचे बिंदू गणिताने काढून त्यांनुसार यंत्र चालवण्याच्या त्यांच्या कल्पनेला 1949 मध्ये अमेरिकी हवाईदलाचे कंत्राट मिळाले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेने त्या कामात सहभागी होऊन 1952 मध्ये छिद्रांकित पट्टीवर चालणारे मिलिंग यंत्र प्रदर्शित केले. आता संहिता वाचणारा मनुष्य नव्हता. यंत्रच तिचे वाचक आणि प्रयोगकर्ते झाले.

याच वर्षी कर्ट व्हॉनेगट यांची 'प्लेयर पियानो' ही कादंबरी प्रसिद्ध झाली, हा योगायोग तुलनात्मक अभ्यासकाने नोंदवण्याजोगा आहे. व्हॉनेगट जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी येथील प्रसिद्धी विभागात काम करून चुकले होते. कादंबरीतील रूडी हर्ट्झ हा निष्णात लेथ-कामगार. त्याच्या हातांच्या हालचाली फितीवर नोंदवल्या जातात आणि पुढे त्या फितीवर यंत्रे चालू लागतात. आपली निवड झाली याचा रूडीला अभिमानच वाटतो, आणि शोकांतिकेचे मर्म त्या अभिमानात आहे. कागदी गुंडाळीवर आपोआप वाजणारा, वादकाविना पट्ट्या हलवणारा पियानो हे या स्थितीचे प्रतीक ठरते. डेव्हिड नोबल यांनी 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' (1984) या ग्रंथात याच कालखंडाचा इतिहास लिहिला. त्यांच्या मांडणीत एक महत्त्वाचा भेद येतो. कामगाराच्या हालचालींची नोंद करून ती पुन्हा वाजवण्याची पद्धत त्या वेळी उपलब्ध होती, आणि तीत कौशल्याचा उगम कामगाराकडेच राहत होता. त्याऐवजी अंकांतून, कार्यालयात बसून लिहिलेली संहिता प्रतिष्ठित झाली. नोबल यांच्या मते या निवडीत तांत्रिक गरजेइतकाच नियंत्रणाच्या आकांक्षेचा वाटा होता. एक ध्यानात घेतले पाहिजे : व्हॉनेगट यांच्या रूडीची नोंद तरी झाली. नोबल यांच्या इतिहासातील कामगाराच्या वाट्याला तेवढे कर्तृत्वही आले नाही.

मात्र हा इतिहास मोठ्या कारखान्यांचा, मुख्यतः विमानउद्योगाचा आहे. लहान कर्मशाळेत तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. 1970 च्या दशकात यंत्राच्या नियंत्रकातच संगणक बसू लागला आणि संहिता यंत्रापाशी उभे राहून दुरुस्त करणे शक्य झाले. छिद्रांकित पट्टी ही मुद्रित प्रतीसारखी होती, तर पडद्यावरील प्रोग्राम हा हस्तलिखितासारखा, प्रत्येक लेखनिकाच्या हाती थोडा बदलणारा. या संहितेचे व्याकरण अत्यंत काटकसरीचे आहे. जी 00 म्हणजे झपाट्याने जा, जी 01 म्हणजे ठरलेल्या गतीने सरळ रेषेत काप, जी 02 आणि जी 03 म्हणजे कंस घे. एक्स हा व्यासाचा अक्ष, झेड हा लांबीचा. सर्व वाक्ये आज्ञार्थी आहेत, आणि त्यांत कर्ता नाही.

भारतात या संहितेला भूमी मिळाली ती आधीच्या लेथ-संस्कृतीमुळे, आणि तिचा मराठी वाङ्मयाशी प्रत्यक्ष संबंध आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे वार्तापत्र म्हणून 1920 मध्ये निघालेल्या 'किर्लोस्कर खबर'मधूनच पुढे 'किर्लोस्कर' हे मराठीतील अग्रगण्य मासिक घडले. याच उद्योगकुलाने 1941 मध्ये तत्कालीन म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही लेथनिर्मितीची कंपनी काढली. स्वातंत्र्यानंतर 1953 मध्ये बेंगळुरूत हिंदुस्थान मशीन टूल्स स्थापन झाली, तीही लेथपासूनच सुरुवात करून. 1950 च्या कारागीर प्रशिक्षण योजनेने 'टर्नर' हा अभ्यासक्रम देशभर पोहोचवला. बेंगळुरूत 1979 मध्ये एस डिझायनर्स आणि राजकोटमध्ये 1989 मध्ये ज्योती या कंपन्या उभ्या राहिल्या. अशा देशी उत्पादकांमुळे संगणकनियंत्रित लेथ जॉबवर्क करणाऱ्या छोट्या शेडपर्यंत पोहोचला.

या शेडमध्ये अनेकदा मालक, प्रोग्राम लिहिणारा आणि यंत्र चालवणारा ही एकच व्यक्ती असते. आराखडा मोठ्या कंपनीकडून येतो, प्रोग्राम मात्र शेडमध्येच लिहिला जातो. काही जॉब निघाल्यावर हत्याराची धार झिजते आणि व्यास किंचित वाढतो. मायक्रोमीटर लावून ऑपरेटर ऑफसेटमध्ये मिलिमीटरच्या शतांशाची दुरुस्ती भरतो. कापण्याचा आवाज बदलला, किंवा निघणाऱ्या किसाचा रंग निळसर झाला, तर तो गती कमी करतो. मूळ प्रोग्राम अबाधित राहतो आणि त्याच्या कडेला दुरुस्त्यांची एक अलिखित टीका साचत जाते. पाली दृष्टान्तातील 'जाणणे' येथे नाहीसे झालेले नाही. ते संहितेकडून समासाकडे सरकले आहे.

धातूच्या बाबतीत हे स्थलांतर सुकर होते, कारण पोलादाची कांब प्रमाणित असते. आजची आणि उद्याची कांब जवळजवळ सारखी. लाकूड असे नाही. बेंगळुरू-म्हैसूर मार्गावरील चन्नपट्टण हे लाखकामाच्या खेळण्यांचे गाव याचे उत्तम उदाहरण आहे. या खेळण्यांना 2005-06 मध्ये भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. परंपरेने वापरले जाणारे लाकूड कन्नडमध्ये 'आले मर', मराठीत काळा कुडा. प्रत्येक ओंडक्याचा ओलावा, गाठ आणि रेषा निराळी असते. बाहुलीचा किंवा भोवऱ्याचा आकार अंकांत लिहिता येतो आणि यंत्र तो शेकडो वेळा अचूक कातू शकते. परंतु नंतर फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवावी लागते. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते, समप्रमाणात पसरते आणि केतकीच्या पानाने तिला चकाकी आणली जाते. कांडीचा दाब किती, पान केव्हा लावायचे, हे त्या विशिष्ट लाकडाच्या त्या विशिष्ट क्षणावर अवलंबून असते. संहितेत बसणारा भाग आणि न बसणारा भाग यांची सीमारेषा एकाच खेळण्यावर, आकार आणि वर्ण यांच्या दरम्यान, स्पष्ट दिसते. त्या रेषेच्या अलीकडच्या कामाला मोल कमी मिळाले तर पलीकडचे काम शिकायला अंतेवासी येईल काय, हा कारागिरांपुढील खरा प्रश्न आहे. कारण लाखेचा हात परंपरेने कातण्याच्या उमेदवारीतूनच तयार होत आला आहे.

आणखी एका घडामोडीची दखल घेणे आवश्यक आहे. 1990 च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने विकसित केलेली यंत्रनियंत्रणाची आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली आणि तीतून लिनक्ससीएनसी ही मुक्त प्रणाली वाढली. साधा संगणक, स्टेपर मोटारी आणि जुना लेथ एवढ्या सामग्रीवर लहान कर्मशाळेला आपले यंत्र आपणच घडवता येऊ लागले. लष्करी कंत्राटातून जन्मलेली लिपी अशा रीतीने सार्वजनिक झाली, मात्र तिच्यात कोण लिहिणार हे त्यामुळे आपोआप ठरले नाही.

बहुतेक औद्योगिक नियंत्रकांवर प्रोग्राममधील बदल रोखणारी एक छोटी किल्ली असते. मोठ्या कारखान्यात ती पर्यवेक्षकाकडे राहते आणि ऑपरेटर केवळ वाचक उरतो. मालकच टर्नर असलेल्या शेडमध्ये तिचे प्रयोजन फारसे उरत नाही. परंतु त्याच शेडमध्ये दुसरे यंत्र आले, त्यावर पगारी मुलगा ठेवला, की ती किल्ली कोणाकडे असावी हा निर्णय घ्यावा लागतो. नोबल यांनी दाखवलेली निवड अशा प्रकारे लहान प्रमाणावर पुन्हा पुन्हा घडते. यंत्र स्वतः कोणतीही बाजू घेत नाही. कातकामाचा पुढील इतिहास लिहिताना यंत्रांची संख्या मोजून भागणार नाही. त्या मुलाला संहिता दुरुस्त करण्याचा अधिकार कधी मिळाला, आणि तोवर त्याच्या शेजारी उभे राहून त्याला शिकवणारे कोणी होते काय, याची नोंद करावी लागेल.